निकेलवरची काजळी

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही उत्प्रेरकांवर बोलत होतो. फळ्यावर नेहमीची व्याख्या लिहून झाली होती : जो पदार्थ रासायनिक अभिक्रियेचा वेग बदलतो, पण अभिक्रियेच्या शेवटी स्वतः जसाच्या तसा राहतो, तो उत्प्रेरक. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, “माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील खत कारखान्यात आहेत. दर काही वर्षांनी तिथल्या नळ्यांमधला जुना उत्प्रेरक काढून टाकतात आणि नवा भरतात, हे तिने घरी ऐकले होते. तिने मला विचारले, उत्प्रेरक जर जसाच्या तसा राहतो, तर तो पुन्हा विकत का घ्यायचा? मी तिला काय सांगू?”

प्रश्न सरळ होता आणि उत्तर सरळ नव्हते. ‘तो हळूहळू खराब होतो’ एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. पण मग व्याख्येचे काय? या लेखात त्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही एकच धातू निवडला आहे, निकेल; आणि एकच काम निवडले आहे, गोबर गॅसपासून हायड्रोजन मिळवून त्यावर इंधनघट चालवणे. या धातूचा इतिहास पाहिला, तर व्याख्येत नेमके काय राहून जाते ते कळते.

आमची फजिती

सुरुवात आमच्याच एका फसलेल्या प्रयोगापासून करू. गोबर गॅसमध्ये सर्वसाधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो, थोडी वाफ असते आणि सडक्या अंड्यांसारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड अगदी थोड्या प्रमाणात असतो. मिथेन आणि वाफ यांचे मिश्रण तापलेल्या निकेलवरून नेले की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतात. कारखान्यात या प्रक्रियेला रिफॉर्मिंग म्हणतात. वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तरी हेच दोन वायू मिळतात, फक्त त्यांचे प्रमाण बदलते. त्या अभिक्रिया शब्दांत अशा लिहिता येतील :

मिथेन + वाफ → कार्बन मोनॉक्साइड + ३ हायड्रोजन

मिथेन + कार्बन डायऑक्साइड → २ कार्बन मोनॉक्साइड + २ हायड्रोजन

आम्हाला वाटले, गोबर गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड आयताच आहे, मग वेगळी वाफ कशाला हवी? पाणी उकळण्याचे इंधन वाचेल. जवळच्या एका गोबर गॅस संयंत्रातून ट्रकच्या चाकाच्या जुन्या ट्यूबमध्ये गॅस भरून आणला. लोखंडाच्या कीसातून नेऊन त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढला आणि ७०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचनळीतल्या निकेलच्या गोळ्यांवरून सोडला. पहिल्या दिवशी बाहेर येणारा वायू तपासला, भरपूर हायड्रोजन होता. दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्या दिवशी नळीतून वायू पुढेच सरकेना. नळी उघडली तर आत गोळ्या नव्हत्याच. त्यांचा भुगा झाला होता आणि सगळी नळी मऊ, काळ्या, कापसासारख्या काजळीने ठासून भरली होती.

हायड्रोजनचे प्रमाण शेवटपर्यंत कमी झाले नव्हते, हे आम्हाला सर्वांत बुचकळ्यात टाकणारे होते. म्हणजे निकेल मेलेला नव्हता. तो काम करीत होता, आणि काम करता करता त्याने स्वतःची नळी बुजवली होती. ही काजळी काही आमचा शोध नव्हे. ती पाहणारे पहिले लोक शंभर वर्षांपूर्वीचे होते. त्यांच्याकडे जाऊ.

प्लॅटिनमचे दिवस

गोष्टीची सुरुवात मात्र निकेलने होत नाही, प्लॅटिनमने होते. कोळशाच्या खाणीतल्या स्फोटांपासून वाचवणारा दिवा तयार करताना हम्फ्री डेव्ही याला १८१७ मध्ये असे दिसले, की कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची गरम तार धरली तर ज्योत नसतानाही ती तापून लाल होत राहते. १८२३ मध्ये जर्मनीत येना येथे डोबेरायनर याने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनची धार सोडली, तेव्हा ती आपोआप पेटली. काडेपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात डोबेरायनरचा हा दिवा युरोपात बराच खपला. अशा साऱ्या घटनांना एका नावाखाली आणण्याचे काम स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ मध्ये केले. ‘कॅटॅलिसिस’ हा शब्द त्याचा.

विषबाधेची गोष्टही तेव्हाच सुरू झाली. प्लॅटिनमवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो, पण मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड किंवा एथिलीन असेल तर तो मंदावतो, हे फॅरेडेने १८३४ मध्ये नोंदवले. उत्प्रेरकाला नाव मिळण्याच्या आधीच त्याचा आजार लोकांनी पाहिला होता!

यानंतर पाच वर्षांनी, १८३९ मध्ये, वेल्समधल्या स्वान्सी गावचा विल्यम ग्रोव्ह याने पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग उलटा चालवून दाखवला. हा गृहस्थ पेशाने वकील, पुढे न्यायाधीशही झाला. आपण वर्गात पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळवतो. ग्रोव्हने प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवल्या. एका पट्टीभोवती हायड्रोजन ठेवला, दुसरीभोवती ऑक्सिजन, आणि दोन्ही तारेने जोडल्या. वीज वाहू लागली आणि दोन्ही वायू कमी होत गेले. १८४२ पर्यंत त्याने असे अनेक घट एकापुढे एक जोडून ‘वायूची बॅटरी’ केली. आजच्या इंधनघटाचा हा मूळपुरुष. बाझेलचा रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यालाही त्याच सुमारास हाच परिणाम दिसला होता.

इंधनघटाचा फायदा असा, की त्यात इंधन जाळून वाफ, वाफेतून गती आणि गतीतून वीज असा लांबचा प्रवास नसतो. रासायनिक ऊर्जेची थेट वीज होते. अडचण मात्र पहिल्या दिवसापासून एकच होती : त्याला हायड्रोजन लागतो, आणि हायड्रोजन निसर्गात मोकळा मिळत नाही.

माँड यांच्या झडपा

हे कोडे सोडवायला बसलेला माणूस म्हणजे लुडविग माँड. जन्माने जर्मन, इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात विनिंग्टन येथे सोड्याचा मोठा कारखाना काढलेला रसायनतज्ज्ञ. कोळशावरून हवा आणि वाफ नेऊन स्वस्त वायू मिळवण्याची पद्धत त्याने बसवली होती. या वायूत हायड्रोजन असे, तसाच कार्बन मोनॉक्साइडही असे. तो थेट ग्रोव्हच्या बॅटरीत सोडला तर कोळशापासून इंजिनाशिवाय वीज मिळेल, अशी माँडची कल्पना.

त्याने आणि त्याचा सहकारी कार्ल लँगर याने १८८९ मध्ये आपली बॅटरी प्रसिद्ध केली. आम्ल मोकळे न ठेवता सच्छिद्र पट्टीत शोषून घेतलेले, तिच्या दोन्ही अंगांना छिद्रे पाडलेला प्लॅटिनमचा पत्रा आणि त्यावर प्लॅटिनमची काळी भुकटी. एका चौरस फुटामागे सुमारे ६ अँपिअर प्रवाह आणि ०.७३ व्होल्ट दाब त्यांना मिळाला. त्या काळच्या मानाने हे मोठे यश होते. पण फॅरेडेचाच अनुभव त्यांना आला. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन आत गेले की प्लॅटिनम थंडावे. त्यावर त्यांनी उपाय सुचवला तो असा : वायू बॅटरीत सोडण्यापूर्वी वाफेबरोबर तापलेल्या निकेलवरून किंवा कोबाल्टवरून न्यावा. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे वाफेशी मीलन होऊन हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतील.

शिक्षक मित्रहो, इथे क्षणभर थांबू या. आज गोबर गॅसवर इंधनघट चालवणाऱ्या कोणत्याही यंत्रणेचा आराखडा पाहा. आधी निकेलचा रिफॉर्मर, मग घट. ही जोडी १८८९ सालीच कागदावर उतरली होती.

निकेलकडे माँडचे लक्ष गेले कसे? तीही एका फजितीची गोष्ट आहे. सोड्याच्या कारखान्यात उरणाऱ्या नवसागरातून क्लोरीन परत मिळवायचा त्याचा प्रयत्न चालला होता. नवसागराची वाफ बहुतेक धातू खाऊन टाकते. प्रयोगशाळेत निकेलच्या झडपा टिकल्या, म्हणून कारखान्यात त्याच बसवल्या. तिथे त्या गळू लागल्या. पाहिले तर निकेलवर काळे पापुद्रे. शोध घेता कारण सापडले. नळ्या धुऊन काढण्यासाठी प्रयोगशाळेत शुद्ध कार्बन डायऑक्साइड वापरला होता. कारखान्यात मात्र चुन्याच्या भट्टीतला, आणि त्यात थोडा कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला होता. निकेलवर त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन तयार होत होते. तीच ती काजळी.

माँडने झडपा फेकून देऊन विषय संपवला नाही. निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे नाते काय, हे तपासायला त्याने लँगर आणि क्विंके यांना लावले. निकेलच्या भुकटीवरून कार्बन मोनॉक्साइड नेत, आणि तो विषारी असल्यामुळे बाहेर पडणारा वायू टोकाला जाळून टाकत. एकदा उपकरण थंड होत असताना ज्योतीचा रंग पालटला. बाहेर पडणारी नळी तापवली तर काचेवर धातूचा आरसा जमला, तो निकेलचा. निकेलने कार्बन मोनॉक्साइडशी संयोग करून चक्क उडून जाणारे संयुग बनवले होते. १८९० मध्ये जाहीर झालेले हे निकेल कार्बोनिल ४३ अंशाला उकळते आणि आणखी तापवले की पुन्हा शुद्ध निकेल देते. या गुणावर निकेल शुद्ध करण्याचा कारखाना १९०२ मध्ये क्लिडाक येथे सुरू झाला. हे गाव स्वान्सीच्या, म्हणजे ग्रोव्हच्या जन्मगावाच्या, अगदी जवळ आहे.

आता हिशेब मांडू. निकेल कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवतो. या एकाच गुणामुळे झडपा बिघडल्या, त्याच गुणामुळे वायू शुद्ध करता आला, आणि त्याच गुणामुळे निकेलचा धंदा उभा राहिला. इंधनघट मात्र माँडच्या हयातीत चालला नाही. प्लॅटिनम फार महाग पडत होते आणि डायनामो स्वस्त होत चालला होता.

भाग घेणारा उत्प्रेरक

फ्रान्समध्ये तुलूज येथे पॉल सॅबातिए हा प्राध्यापक निकेल कार्बोनिलची बातमी वाचून विचारात पडला. निकेल जर कार्बन मोनॉक्साइडला धरतो, तर एथिलीनलाही धरेल का? १८९७ मध्ये त्याने सेंदेराँ या सहकाऱ्याबरोबर निकेलच्या भुकटीवरून एथिलीन आणि हायड्रोजन एकत्र नेले आणि त्यांना एथेन मिळाले. १९०२ मध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून त्यांनी निकेलवर मिथेन तयार केला. आपली रिफॉर्मिंगची अभिक्रिया नेमकी हिच्या उलटी. कमी तापमानाला निकेल मिथेन बनवतो, जास्त तापमानाला मोडतो. उत्प्रेरक दोन्ही दिशांना सारखीच वाट मोकळी करतो. कोणत्या दिशेला जायचे ते तापमान आणि दाब ठरवतात.

योगायोग असा, की १८९७ हेच साल आपल्याकडच्या गोबर गॅसच्या इतिहासातही येते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू मिळवून त्यावर दिवे लावण्याची व्यवस्था त्या वर्षी झाली. एका टोकाला मैल्यातला मिथेन, दुसऱ्या टोकाला मिथेनची किल्ली असलेला निकेल. दोघांची गाठ पडायला मात्र बराच काळ जायचा होता.

निकेल हायड्रोजनशी क्षणभर संयोग करतो, अस्थिर संयुग बनवतो आणि ते लगेच मोडून हायड्रोजन पुढच्या रेणूला देतो, असे सॅबातिएने मांडले. म्हणजे उत्प्रेरक बाजूला उभा राहून पाहत नाही, तो अभिक्रियेत पुरेपूर भाग घेतो. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्याला ग्रिन्यारबरोबर विभागून मिळाले. पाठ्यपुस्तकांतून आपण शिकवतो ते वनस्पती तूप याच कामातून आले. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळण्याचे पेटंट विल्हेल्म नॉरमानने १९०२ मध्ये घेतले होते.

रिफॉर्मिंग कारखान्यात पोहोचले ते १९३० मध्ये, अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज येथे. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढणारी ती पहिली मोठी भट्टी. पुढे जगभरचे अमोनियाचे आणि खतांचे कारखाने त्याच वाटेने गेले. मुंबई हायच्या वायूवर उभा राहिलेला अलिबागजवळचा थळ येथील खत कारखाना हे आपल्याकडचे उदाहरण. युरियाच्या पोत्यात जो नायट्रोजन आहे, त्याला जोडला जाणारा हायड्रोजन आधी निकेलवरून गेलेला असतो.

केस येतात कुठून?

कारखाने ८०० अंशांच्या पुढे तापमान ठेवतात आणि मिथेनच्या साधारण तिप्पट वाफ सोडतात. एवढी वाफ का, हे आम्हाला आमची नळी बुजल्यावर नीट कळले. वर्गात करता येईल असा एक हिशेब पाहा.

गोबर गॅसचे १०० रेणू घ्या : ६० मिथेनचे, ४० कार्बन डायऑक्साइडचे. निकेलवर मिथेन मोडला की हायड्रोजन निघून जातो आणि कार्बनचा अणू पृष्ठभागावर उरतो. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू असा एकच कार्बन उचलून नेऊ शकतो. दोघांचे मिळून कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. म्हणजे ६० पैकी ४० कार्बनना जोडीदार मिळाला, २० तसेच राहिले. सगळा मिथेन मोडला असे धरले, तर एक घनमीटर गॅसमागे जास्तीत जास्त १०७ ग्रॅम काजळी जमेल. (१,००० लिटरचा पाचवा भाग २०० लिटर, त्याला २२.४ ने भागून १२ ने गुणा.) या वीस कार्बनसाठी निदान वाफेचे वीस रेणू तरी बाहेरून द्यायला हवेत. आम्ही ते दिले नव्हते.

पण उरलेला कार्बन निकेलवर साधी चादर पसरून बसत नाही. तसे झाले असते तर निकेल झाकला जाऊन हायड्रोजन लगेच थांबला असता. काय होते ते इंग्लंडमध्ये हार्वेल येथे बेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. तापलेल्या निकेलमध्ये कार्बन थोडासा विरघळतो. कणाच्या एका बाजूने तो आत शिरतो, धातूतून पलीकडे जातो आणि मागच्या बाजूने बाहेर पडून धाग्यासारखा साचतो. धागा वाढतो तसा निकेलचा कण त्याच्या टोकावर उचलला जातो. बीजाला फुटलेल्या मोडाने टरफल डोक्यावर घेऊन वर यावे तसा! कणाची पुढची बाजू मोकळीच असते, म्हणून हायड्रोजन मिळत राहतो. मागे मात्र केसांचे जंगल वाढते, गोळीच्या छिद्रांत दाटते आणि गोळी फोडते. आमच्या नळीतला कापूस हाच.

विष की औषध?

गोबर गॅसमधला दुसरा शत्रू गंधक. हायड्रोजन सल्फाइडचा गंधक निकेलच्या पृष्ठभागाला इतका घट्ट चिकटतो, की दशलक्षात एखादा भाग असला तरी हळूहळू साऱ्या जागा अडतात. म्हणून वायू आधी आयर्न ऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडवरून नेतात. लोखंडाच्या गंजावर गंधक पकडण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या गॅसच्या कारखान्यांपासून चालत आलेली आहे आणि खेड्यातल्या संयंत्रालाही ती परवडते.

पण इथेही निकेलने एक गंमत दाखवली. डेन्मार्कमधल्या टॉप्सो कंपनीत रोस्त्रुप-निल्सन आणि त्यांचे सहकारी काजळीचा अभ्यास करीत होते. मिथेन मोडायला पृष्ठभागावरच्या थोड्या शेजारशेजारच्या जागा पुरतात, पण कार्बनचा धागा सुरू व्हायला बऱ्याच जागा एकत्र मोकळ्या लागतात. मग गंधक जाणूनबुजून थोडा सोडला तर? सुमारे ७० टक्के पृष्ठभाग गंधकाने झाकला गेला, की रिफॉर्मिंग मंदावते पण चालू राहते, आणि काजळी मात्र जवळजवळ थांबते. १९८० च्या दशकात या तत्त्वावर कारखानाही चालला. १९९८ मध्ये डेन्मार्कमधल्याच बेसेनबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलच्या पृष्ठभागावर थोडे सोने मिसळून हाच परिणाम साधला. सोने स्वतः इथे काही करीत नाही. ते काजळीची जागा अडवून बसते. विष आणि औषध यांतला फरक मात्रेचा असतो, हे वैद्यांचे म्हणणे धातूंनाही लागू पडते म्हणायचे.

‘मग काजळी न धरणारा दुसरा धातू का घेत नाही?’ असे विद्यार्थी विचारतील. असे धातू आहेत. रोडियम आणि रुथेनियम यांच्यात कार्बन फारसा विरघळत नाही, त्यामुळे धागे वाढत नाहीत आणि काम तर निकेलपेक्षा जलद होते. पण दोन्ही प्लॅटिनमच्या कुळातले, अत्यंत दुर्मिळ. रोडियम तर सोन्यापेक्षाही दुर्मिळ. शेणाच्या वायूसाठी असा धातू वापरणे परवडत नाही. म्हणून प्रयोगशाळांतला बराचसा खटाटोप निकेललाच वळण लावण्याचा आहे : त्याचे कण लहान ठेवणे, त्याला मॅग्नेशिया किंवा सिरियाचा आधार देणे, चिमूटभर दुसरा धातू मिसळणे.

रिफॉर्मर आणि घट एकत्र

ग्रोव्ह आणि माँड यांच्या प्लॅटिनमच्या घटाला कार्बन मोनॉक्साइड सोसत नव्हता, आणि कमी तापमानाच्या घटांना तो अजूनही सोसत नाही. तापमान वाढवले की ही अडचण जाते. झ्युरिकमध्ये बाउर आणि प्राइस यांनी १९३७ मध्ये झिर्कोनियाच्या घन थरातून ऑक्सिजनचे आयन नेणारा घट सुमारे १,००० अंशांना चालवला. हॉलंडमध्ये ब्रोअर्स आणि केटेलार यांनी १९५० च्या दशकात वितळलेल्या कार्बोनेट क्षारांचा घट तयार केला. तो सुमारे ६५० अंशांना चालतो. एवढ्या उष्णतेत प्लॅटिनमची गरज उरत नाही. इंधनाच्या बाजूला निकेलच पुरतो. निकेल आणि झिर्कोनिया एकत्र भाजून केलेल्या अग्राचे पेटंट अमेरिकेत हेन्री स्पॅसिल यांना १९७० मध्ये मिळाले आणि घन ऑक्साइडच्या घटांत ते सर्रास वापरले जाऊ लागले.

इथे एक सुंदर जुळणी होते. रिफॉर्मिंगला उष्णता लागते, एक मोल मिथेनमागे वाफेबरोबर सुमारे २०६ किलोज्यूल आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर सुमारे २४७. घट चालताना उष्णता तयार होते आणि ती काढून टाकावी लागते. मग रिफॉर्मिंग घटाच्या आतच करावे! वायूचे विघटन, विजेची निर्मिती आणि उष्णतेची देवघेव, सारे निकेलच्या जवळपास. कार्बन मोनॉक्साइड इथे विष राहत नाही, इंधन होतो. शिवाय कार्बोनेटच्या घटाला हवेच्या बाजूने कार्बन डायऑक्साइड लागतोच, त्यामुळे गोबर गॅसमधल्या ‘निरुपयोगी’ वायूचा तिथे अडथळा होत नाही.

प्रत्यक्षात काय झाले? १९९४-९५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पेनरोज येथील कचऱ्याच्या भरावातून निघणाऱ्या वायूवर २०० किलोवॅटचा फॉस्फोरिक आम्लाचा घट चालवून पाहिला. वायूत मिथेन कमी असल्यामुळे वीज पूर्ण क्षमतेची मिळाली नाही, पण वायू शुद्ध करता येतो हे सिद्ध झाले. २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात रेंटन येथे शहराच्या सांडपाण्याच्या वायूवर १ मेगावॅटचा कार्बोनेटचा घट प्रयोग म्हणून बसवला गेला. वीज मिळते, हे दोन्हीकडे दिसले. खरा खर्च आणि खरी डोकेदुखी असते ती घटाच्या आधीच्या सफाईची आणि उत्प्रेरकाच्या आयुष्याची.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या मुलीला काय सांगावे? आम्ही असे सांगू : उत्प्रेरक जसाच्या तसा राहतो, हे एका फेरीपुरते खरे आहे. मिथेनचा एक रेणू आला, निकेलने त्याला धरले, मोडले, सोडले. निकेल पुन्हा मोकळा झाला. पण अशा फेऱ्या अब्जावधी होतात. त्यांतल्या एखाद्या फेरीत धरलेला कार्बन सोडायचा राहून जातो, एखाद्या फेरीत गंधक येऊन चिकटतो, उष्णतेने लहान कण एकमेकांना जडून मोठे होतात. यांतली प्रत्येक चूक लहान असते. तीन-चार वर्षांत त्यांची बेरीज होते आणि नळ्या रिकाम्या कराव्या लागतात. निकेल धरतो म्हणूनच उपयोगी पडतो, आणि धरतो म्हणूनच बिघडतो. दुसरा गुण काढून पहिला ठेवता येत नाही. दोन्हींचा तोल सांभाळावा लागतो.

व्याख्या पुसून टाकण्याची गरज नाही. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहावी : ‘उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो, आणि त्याला आयुष्य असते.’

हे वर्गात दाखवायला निकेल किंवा भट्टी लागत नाही. कच्च्या बटाट्याचे दोन सारखे तुकडे घ्या. एक साध्या पाण्यात आणि दुसरा मोरचुदाच्या द्रावणात अर्धा तास ठेवा. दोन्ही धुऊन औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाका. बटाट्यातले विकर पेरॉक्साइडचे विघटन करते आणि ऑक्सिजनचा फेस येतो. मोरचुदात ठेवलेल्या तुकड्यावर फेस कमी दिसेल, कारण तांब्याचे आयन विकराला जखडून टाकतात. ही उत्प्रेरकाची विषबाधाच आहे. मोरचूद विषारी असल्यामुळे प्रयोगानंतर हात धुवायला लावावे आणि तुकडे जनावरांच्या तोंडी लागणार नाहीत असे पुरून टाकावेत.

मुलांनी प्रमाणे बदलून पाहावे : मोरचूद किती विरल केले तर परिणाम दिसेनासा होतो? किती वेळ ठेवले तर फेस पूर्ण थांबतो? त्यांनी काढलेले आलेख पाहायला आम्हाला नक्कीच आवडेल.